तळेघरचे दोन जानकू

तळेघरचं नाव विज्ञानाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाणार होतं. तूर्त ते एसटीच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं असे आणि घोडेगाव सोडेपर्यंत पावसानं पुसलं जाई.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणातली. नारायणगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सुदर्शन सरांना तळेघरात जानकू नावाच्या शेतकऱ्याच्या परसात, पाण्याच्या पिपाशी, एक झाडबेडूक दिसला. फिकट, जवळजवळ दुधी. सरांच्या पुस्तकात तसला बेडूक नव्हता. पुस्तकात झाडबेडकाचं चित्र एकच होतं, तेही काळंपांढरं. पण सरांना तेवढा पुरावा पुरला. जात नवी! सरांची नोकरी बरीच वर्षं तात्पुरती होती, आणि काही शोधबिध लावलात तर कायम करू, असं प्राचार्य एकदा चहा पिताना बोलून गेले होते.

जानकूंनी परसात मोकळेपणी वावरू दिलं, म्हणून सरांनी कृतज्ञतेनं बेडकाचं नाव 'जानकू' ठेवलं.

"वहिनी, आजपासून याला जानकूच म्हणायचं बरं का."

जानकूंच्या पत्नी गजराबाई पदर तोंडाला लावून घरात पळाल्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. सरांना वाटलं, भारावल्या.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून बेडकांच्या तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी 'नवी जात' म्हटलं की सर कायम. नेमका बेडूक गायब. जानकूही घरी नव्हते. "ते खाचरात गेल्यात," गजराबाई म्हणाल्या. सरांनी त्यांना परसात पहाऱ्यावर बसवलं आणि स्वतः बाईंबरोबर पुढच्या ओट्यावर चहा घेत बसले.

थोड्या वेळानं मागून हाक आली, "सर, ते आल्यात वो!"

"बरं झालं. चिखलातून आलेत, हातपाय धुऊ द्या त्यांना."

"धुवत न्हाईत. पिपावर बसल्यात."

"दमले असतील."

"गळा फुगवून बसल्यात. डोळं वटारल्यात."

तज्ज्ञ बाईंनी कप खाली ठेवला. "आपण आलेलं आवडलं नाही वाटतं त्यांना."

"छे, छे! स्वभाव फार गरीब आहे," सर म्हणाले, आणि मागं तोंड करून ओरडले, "वहिनी, त्यांना चहा द्या!"

"पितील का?" मागून शंका आली.

एवढ्यात समोरून, डोक्यावर इरलं आणि पायाला चिखल घेऊन, जानकू आले. "रामराम पावणं. लई वाट बघाय लावली का?"

सर जानकूंकडे बघत राहिले. मग चपला न घालता परसाकडे धावले.

बेडूक पिपावर शांत बसला होता. तज्ज्ञ बाईंनी वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"साधा झाडबेडूक आहे. उजेडात फिकट पडतो, अंधारात तपकिरी होतो."

"पण एखादी उपजात वगैरे...?"

"नाही हो. आमच्या न्हाणीघरातही असतो."

सरांच्या खांद्यावर हात ठेवून जानकू म्हणाले, "जाऊ द्या राव. माझ्या नावावर काय बी टिकत न्हाई."

गजराबाई बेडकाकडे बोट दाखवत पुढं झाल्या. "मंजी सर, आता त्यांचं नाव 'ते' न्हाई ना?"

"नाही," सर म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, वहिनी."

"मग त्याला तेवढं पिपावरनं हाकला. मला भांडी घासायचीत."