पडलेल्याला दिलेला हात

तोताराम पैलवान तसा शांत माणूस, पण धाकट्या भावानं कुस्तीला नावं ठेवली की त्याचं टाळकं सरकायचं. निंबा पलटणीतून ठोसेबाजी शिकून आला होता. सावद्याच्या पारावर बसून तो ऐकेल त्याला सांगायचा, की कुस्ती म्हणजे निव्वळ मातीत लोळणं, जबड्यावर एक ठोसा नीट बसला की पैलवान खलास.

"ठोसा बसायच्या आत म्या तुले कवेत घेतलं, मंग काय करशीन रे?" तोताराम विचारायचा. "माह्या काखेत बुक्क्या मारशीन?"

लोक हसायचे. वाद दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू व्हायचा. स्वराज्य येऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि दोघा भावांचं सुख म्हणजे हे भांडणच होतं.

त्या उन्हाळ्यात निंबा खंगायला लागला. गाल बसले, डोळे खोल गेले. भर दुपारी तो केळीच्या बागेत जायचा आणि उन्हं कलल्यावर भिंत धरत घरी यायचा. तोतारामची बायको कुंदाबाई ताट वाढून बसायची, हा दोन घास खाऊन उठायचा. शेवटी तिनं फारच रेटलं तेव्हा बोलला.

"जुन्या विहिरीपाशी एक जण येतो, वहिनी. खेळतो माझ्याशी. माझे सगळे ठोसे त्याले बसतात, पण तो पडतच नाही. उद्या पाडतो त्याले."

गावात लाठी फिरवणारा वना म्हणून एक गडी होता, तोही एकदा त्या माणसाशी भिडून आला होता. तो मात्र पुन्हा तिकडे फिरकला नाही. तोतारामला बाजूला घेऊन म्हणाला, "माही लाठी लागली त्याले, पण आवाज नाही झाला. पैलवान, भावाले आवरा. नाही तर निंबा आखाजीचा सण काही पाहत नाही."

दुसऱ्या दिवशी कुंदाबाईनं निंबाच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि तोताराम बागेत गेला.

वारा पडला होता. एवढ्या मोठ्या बागेत एक पान हलत नव्हतं. विहिरीपाशी मोकळ्या जागेत तो माणूस उभा होता. चेहरा असा, की नजर काढली की आठवू नये. तोतारामनं तळहाताला माती चोळली आणि एकदम शिरून त्याला कवेत घेतलं.

आणि तिथंच त्याच्या अंगावर काटा आला. अंग रांजणाच्या बुडासारखं गार. घाम नाही, श्वास नाही. कवेत घेतलेला माणूस दमलाय की भ्यालाय, हे पैलवानाला छातीला छाती लागताच कळतं. इथं काहीच कळेना. त्यानं टांग मारायला पाय आत घातला, टाच शोधली, तर टाचेच्या जागी बोटं लागली. पावलं उलटी होती. अरे, लाठीवाल्याला न् ठोसेवाल्याला हे कळणार कुठून? ते बिचारे हातभर लांबून मारत होते.

तोतारामची पाचावर धारण बसली. त्याच्या जागी लांबून मारणारा असता तर मागं सरून पळाला असता. पण कव सोडली तर हा आपल्या मागोमाग घरापर्यंत येईल, निंबाच्या खोलीपर्यंत, हे त्याला दिसत होतं. पाय उलटे तर डावही उलटा, असं म्हणून त्यानं टांग दुसऱ्या अंगानं घातली आणि त्याला उचलून आपटला. दोन्ही खांदे मातीला लागले. तो निपचित पडून राहिला.

तेवढ्यावर निघून यायला हवं होतं. पण आयुष्य तालमीत गेलेलं. पडलेल्या गड्याला हात देऊन उठवायचा, ही रीत त्याच्या हाडात भिनलेली. त्यानं हात पुढं केला.

त्या गार हातानं तो धरला. मग माणूस दिसेनासा झाला, पण हात सुटला नाही.

निंबा त्या संध्याकाळी पोटभर जेवला. चार दिवसांत त्याच्या अंगावर तजेला आला. तोतारामचा उजवा पंजा मात्र कुणाचा तरी तळवा धरल्यासारखा अर्धा मिटलेला राहिला. जळगावचे वैद्य झाले, दर्गा झाला, काही उपयोग नाही. रोज दुपारी तो हात बागेकडे ओढायचा. मग निंबा मागून भावाच्या कमरेला कव घालून अंगणात पाय रोवायचा, उन्हं कलेपर्यंत. पहिल्या दिवशी त्यानं समोरच्या हवेत ठोसेही मारून पाहिले. लागणार कुणाला?

ओढ दिवसेंदिवस वाढत गेली. आणि एका दुपारी, अंगण तव्यासारखं तापलेलं असताना, तोतारामला पोटावरचे निंबाचे हात गार लागले. कोरडे, गार. ते गारपण तो चांगलं ओळखत होता; आता ते त्याच्यातून निंबात उतरत होतं.

"सोड निंबा."

"नाही सोडत, भाऊ."

"तुले सांगतो, सोड."

निंबानं आणखी आवळलं. तोतारामला रडू आलं. इतकी वर्षं ज्याच्या मागं तो कुस्ती शीक म्हणून लागला होता, तो आता अगदी नीट कव घालत होता. पण माणसाची कव कशी सोडवायची हे तोतारामला पक्कं ठाऊक होतं. त्यानं डाव्या हातानं निंबाचा अंगठा शोधला आणि मोडणार नाही इतक्या बेतानं मागं वाकवला. मिठी सुटली. निंबा मागं कोसळला.

"कुंदे, याले धरून ठेव," एवढंच तो म्हणाला.

मागून निंबा हाका मारत होता. तोताराम हात ओढेल तसा बागेकडे चालत राहिला, त्यानं वळून पाहिलं नाही. वळला असता तर पाय थांबले असते, आणि निंबानं येऊन पुन्हा धरलं असतं.