किशनगंगेचा गोटा आणि आक्काताईचा म्हसोबा

मी एक जुना, गुळगुळीत गोटा आहे. मित्रांनो, अंगावरचा शेंदूर पाहून हात जोडू नका. मी देव नाही, किशनगंगेचा आहे.

काश्मीरच्या उंच डोंगरांत बर्फाच्या पाण्यातून ही नदी निघते. तिने मला कड्याखालून ओढले, घासून गोल केले आणि ढकलत ढकलत गुरेझच्या खोऱ्यात आणले. पुढे थोड्याच अंतरावर सरहद्दीची तार आहे. माणसे तिथे थांबतात, नदी थांबत नाही. पलीकडे तिला नीलम म्हणतात आणि शेवटी ती झेलमला मिळते, असे पहाऱ्यावरचे जवान बोलायचे. तो संगम मला पाहायचा होता.

त्या जवानांत आष्टा गावचा हवालदार नाथाजी होता. सुट्टीला निघताना त्याने आठवण म्हणून मला उचलले आणि टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. घरी ट्रंक उघडली ती त्याच्या बायकोने, आक्काताईने.

"हिमालयातनं देव आणलाय की ह्यांनी!"

तिने लगेच मला उसाच्या बांधावर बसवले, शेंदूर फासला, नारळ फोडला. नाथाजी झोपून उठेपर्यंत मी शेताचा म्हसोबा झालो होतो! बायकोपुढे हवालदाराचेही काही चालले नाही.

मान पुष्कळ मिळाला. पण पाटाचे पाणी बांधापाशी खळखळले की आजही माझा जीव कासावीस होतो.

नाथाजी आता निवृत्त झाला आहे. त्या दोघांचा मुलगा जयराजही फौजेत गेला आणि यंदा त्याला गुरेझलाच पाठवले. निघायच्या दिवशी नाथाजी म्हणाला, "अगं, त्यो गोटा पोराबरं धाडू. जिथला तिथं पाण्यात सोडंल."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

"आवं, काय बोलताय? राखणीचा देव कोण घालवतं व्हय?" आक्काताईचे डोळे भरले होते. "पोरगं सुखरूप माघारी येऊ द्या. मग खुशाल न्या."

जयराज गेला. मी राहिलो.

मित्रांनो, नदीकाठी सुंदर गोटा दिसला तर हातात घ्या, न्याहाळा आणि परत पाण्यात ठेवा. त्यालाही कुठेतरी पोहोचायचे असते.

आक्काताई रोज दिवा लावून माझ्यापुढे डोके टेकते. "देवा, माझं लेकरू घरी आण," म्हणते. ज्याला स्वतःच्या घरी जाता येत नाही, त्याच्याकडे ती हे मागते. मी काय देणार तिला? मीही तिच्याबरोबर मनात म्हणतो, जयराज, लवकर ये रे बाबा.