अंगठ्याचं नख

तुळजाबाईंच्या उजव्या हाताचा अंगठा दिव्याखाली धरला आणि अस्मिताने हातातलं ब्लेड खाली ठेवलं. नख मुळापर्यंत कापलेलं होतं. खरवडायला कणभरही शिल्लक नव्हतं.

“आजी, नख कापू नका, असं बजावलं होतं ना मी?”

तुळजाबाई अंगठ्याकडे पाहत राहिल्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

सदाशिव पेठेतल्या या लॅबमध्ये त्यांची ही तिसरी खेप. पहिल्यांदा त्या नखाला मलम चोपडून आल्या. मलम लावलेल्या नखात बुरशी असली तरी सापडत नाही, ते काही आठवडे बंद ठेवायला हवं, हे अस्मिताने त्यांना आणि त्यांच्या मुलाला नीट समजावून परत पाठवलं. दुसऱ्यांदा मलम नव्हतं, पण अंगठ्याला लसूण आणि हळद वाटून बांधली होती. तो वास संध्याकाळपर्यंत खोलीतून गेला नाही. आणि आता हे.

मुलगा विश्वजीत बाहेर बाकावर बसला होता. धायरीहून गाडी काढायची, पेठेत जागा शोधत फिरायचं आणि रिकाम्या हाताने परत जायचं, याचा सगळा राग त्याने मघाशी काउंटरवर काढला होता. त्याला आत बोलावून दोन शब्द सुनवावेत म्हणून अस्मिता उठली, तशी तुळजाबाईंनी तिच्या कोटाची बाही धरली.

“त्याला नगा बोलवू, ताई. म्याच कापलं.”

“ते दिसतंय. पण का?”

म्हातारीने दाराकडे एकदा पाहिलं आणि ती हळू आवाजात सांगायला लागली. सून शालन वाईट नव्हती. पण सासूचं नख पिवळं पडून जाड झाल्यापासून ती पोरांच्या ताटातली भाकरी उलटून पालटून बघायची. स्वयंपाकाला बाई ठरवून ठेवली होती. रिपोर्टात बुरशी निघाली की आईंनी स्वयंपाकघरात यायचं नाही, असं घरात ठरलं होतं. नाही निघाली तर प्रश्नच नव्हता. रिपोर्ट येईपर्यंत मात्र कुणी काही बोलणार नव्हतं.

अस्मिता पुन्हा स्टुलावर बसली. इतके दिवस ती या बाईला अडाणी समजून तेच तेच मोठ्या आवाजात सांगत होती. मलम, लसूण, नेलकटर. प्रत्येक वेळी नमुना बरोबर वाया जाईल असंच काहीतरी. तिला हसू आलं नाही. वैतागही कुठे ठेवावा ते कळेना.

“अहो आजी, भाकरीतून हे कुणाला होत नाही. हात कोरडे ठेवायचे, गोळ्या वेळेवर घ्यायच्या. मी सांगते तुमच्या मुलाला.”

“सांगा की. त्यो म्हनंल, आधी रिपोर्ट यिऊ द्या.” त्या थांबल्या. “शेतात बिल्डिंग झाली. गोठा मोडला. आता चुलीपुढनं उठून बसू कुठं?”

अस्मिताने स्पिरिटच्या बाटलीचं झाकण उगाच फिरवून घट्ट केलं.

“ह्याला किती दिस लागत्यात?” तुळजाबाईंनी विचारलं.

या प्रश्नावर तिची रोज कुणाशी ना कुणाशी वादावादी व्हायची. तिने सवयीने उत्तर दिलं. “पक्का रिपोर्ट महिन्याने. बुरशी वाढवून बघावी लागते. कधीकधी जास्त दिवसही लागतात.”

“म्हैनाभर?”

“हो.”

तुळजाबाईंनी पदराखालून डावा हात काढला आणि दिव्याखाली ठेवला. त्या अंगठ्याचंही नख पिवळं होतं, जाड, कडेने भुगा सुटलेलं. ते कापलेलं नव्हतं.

“मंग ह्याचं घ्या,” त्या म्हणाल्या.

अस्मिताने नख स्पिरिटने पुसलं आणि सावकाश खरवडून भुगा काळ्या कागदावर गोळा केला. भरपूर निघाला. तुळजाबाईंनी हात जराही हलवला नाही.

बाहेर विश्वजीत उभा राहिला. रिपोर्ट कधी, हे ऐकून त्याचा चेहरा पडला.

“महिना? एवढ्याशा नखाला?”

“बुरशी तिच्या गतीने वाढते. तिला घाई करता येत नाही,” अस्मिता म्हणाली. “तोवर आजींना भांडी घासू देऊ नका. भाकऱ्या करायला हरकत नाही. घरात सांगा, लॅबमधून सांगितलंय म्हणून.”