माइकला लागलं हळदीकुंकू

टिचकी मारू नका, फू फूही करू नका, मी सुरूच आहे. मी चंद्रभानचा माइक बोलतोय. डोक्यात चार टपल्या हाणल्याशिवाय माणसांना माझी खात्रीच पटत नाही. बरं, एकाने टपली मारली की पुढचा तरी थांबेल? नाव नको!

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. सीताबर्डीच्या एका दुकानातून चंद्रभानने मला आणलं, त्याला बारा वर्षं झाली. नागपुरातल्या लहानसहान कार्यक्रमांना तो साउंड लावतो. दोन स्पीकर, एक मिक्सर, वायरींची भेंडोळी आणि मी, एवढाच आमचा संसार. बारशी केली, साक्षगंध म्हणजे साखरपुडे केले, निरोप समारंभ केले. ‘मुलाच्या मामांनी असतील तिथून स्टेजवर यावं’ हे तर मी शेकडो वेळा सांगितलं. मामा एकदाही वेळेवर आले नाहीत.

गेल्या महिन्यात नंदनवन वस्तीतल्या एका छोट्या सभागृहात बायकांच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम होता. वेळ दुपारी तीनची. चंद्रभान बाराला पोचला. त्याने स्पीकर स्टेजच्या पुढे, दोन बाजूंना उभे केले. माझं तोंड स्पीकरकडे झालं की आमचं भांडण जुंपतं आणि कुईऽऽ असा आवाज उठतो, म्हणून ही काळजी. मग हॉलच्या चारही कोपऱ्यांत जाऊन त्याने टाळ्या वाजवल्या आणि कान देऊन ऐकल्या. काम करावं तर असं!

अडीचच्या सुमाराला मंडळातल्या कौशल्याबाई आल्या. दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि भरदार आवाज बारीक झाला. त्यानंतर चारचौघांत गाण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. सोबत नवरा होता, वामनराव. वामनरावांना बाईंनी थेट शेवटच्या रांगेत बसवलं.

“आवाज तुमच्यापर्यंत आला त हात वर करा. नाई आला त मी आजपासून गाणं सोडलं, सांगून ठेवते.”

“अवं, पण...”

“पण नाई न् बिण नाई.”

सगळी भिस्त माझ्यावर होती.

आणि नेमका तेव्हाच घोळ झाला. चंद्रभान चहाला गेला होता. मंडळाच्या प्रमुख शोभाताई पूजेचं ताट घेऊन आल्या. त्यांच्याकडे वाद्यांची पूजा केल्याशिवाय भजनाला सुरुवात होत नाही. पेटीला हळदीकुंकू लागलं, तबल्याला लागलं. मग त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. कपाळ कुठलं ते कळेना, म्हणून अख्ख्या जाळीलाच चांगलं मूठभर हळदीकुंकू फासलं, फूल खोचलं आणि वर नारळाचं पाणी शिंपडलं. माझं नाक, तोंड, कान, सगळं एकदम चोंदलं.

चंद्रभान परतला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला.

“ताई, माइकले काहून आंघोळ घातली?”

“सगळ्यायची पूजा केली, याले एकट्याले वगळू काय गा? त्याले वाईट नाही वाटणार?”

खरं सांगू? बारा वर्षांत असा विचार कोणीच केला नव्हता. जीव गुदमरत होता, तरी मी सुखावलो.

चंद्रभानने जाळी काढून नळाखाली धुतली, फडक्याने खडखडीत पुसली. आतला स्पंज मात्र ओलाच. तीन वाजायला आले होते. त्याने स्पंज बाजूला ठेवला, नुसती जाळी बसवली आणि कौशल्याबाईंना म्हणाला, “मावशी, वीतभर दूर धरा, थोडं तिरपं. तोंडाजवळ आणलं त फटफट वाजन.” मग मिक्सरवरचं एक बटण जरासं फिरवलं.

त्यांची पाळी आली. त्यांनी मला सांगितल्याप्रमाणे वीतभर दूर धरलं. पहिली ओळ निघाली. बारीक होती, पण सच्ची. स्पंज नसल्यामुळे त्या आवाजाची कोवळी किनारसुद्धा मला लागत होती, आणि मी ती जशीच्या तशी पुढे पाठवली. कौशल्याबाईंची नजर शेवटच्या रांगेवर होती. हात वर झाला नाही. दुसरी ओळ झाली, तरी हात नाही. थांबतात की काय! ‘गा माय, गा,’ मी मनातल्या मनात म्हणालो. मला मेल्याला स्वतःचा आवाज असता तर ओरडलो असतो. त्यांनी डोळे मिटले आणि भजन शेवटपर्यंत नेलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी सुरू आहे याचं भान कौशल्याबाईंना कुठलं? त्यांनी डोळे उघडले आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, “काहो, हात काहून नाही केला वर?”

वामनराव उठून उभे राहिले. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत म्हणाले, “अवं, ऐकून राहिलो होतो ना! हात बित कोणाच्या ध्यानात राहते?”

हॉलभर हशा पिकला. सर्वांत जास्त कौशल्याबाई हसल्या, आणि त्यांचं हसू मी दोन्ही स्पीकरमधून मोठ्ठं करून वाटलं. असा आनंद मला कधीच झाला नव्हता.

आता माझं वय झालं. अंगावरचा रंग उडालाय, वायर जोडताना कधीमधी खरखरतो. पुढच्या रविवारी उमरेडला कौशल्याबाईंचं भजन आहे आणि त्यांनी चंद्रभानला बजावलंय, माइक हाच पाहिजे. तुमच्या घरात कोणी गाणं सोडून बसलं असेल, तर त्याच्यासाठी तेवढं शेवटच्या रांगेत जाऊन बसा. आवाज तुमच्यापर्यंत आणायचं काम माझं.