काळ्या रंगाखालचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना शेला आहे. आज काळा दिसतो, पण मूळचा मी पिवळा होतो आणि माझ्या अंगभर आफ्रिकेचे नकाशे होते. त्यांत एकही सरहद्द नव्हती. अजूनही बाहेर बूट वाजले की माझा जीव टांगणीला लागतो.

एको नावाच्या शिक्षकाने मला केप कोस्टच्या बाजारात घेतले. घाना नुकताच स्वतंत्र झाला होता आणि आक्रा शहरात साऱ्या आफ्रिकेची माणसे एक होण्यासाठी जमणार होती. एको मला डाव्या खांद्यावर टाकून तिथे गेला. भाषा कळत नसली, तरी जो तो माझ्यावर बोट ठेवून आपला मुलूख दाखवत होता. पुढे अजून पारतंत्र्यात असलेल्या देशांतून पळून आलेले कितीतरी तरुण एकोच्या घरी राहिले. त्याची बहीण अराबा मासे धुरी देऊन विकायची. ती कुरकुरायची, "दादा, अख्खी आफ्रिका माझ्याच चुलीवर जेवणार का रे?" आणि वाढताना हात मात्र सैल सोडायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग लष्कराने सत्ता घेतली. एकोला शाळेतूनच उचलून नेले. शिपाई घरोघर, आफ्रिका एक करू पाहणाऱ्या जुन्या राजवटीच्या खुणा शोधू लागले. शेजारीण ओबेन्वा धापा टाकत आली.

"जाळ तो शेला. मागच्या गल्लीत आलेत ते."

अराबाने मला माशांच्या भट्टीशी नेले. धग लागली आणि मी मनातून पार खचलो. पण तिचा हात पुढे होईना.

"दादा सुटून आला की अंगावर काय घेईल गं?"

ओबेन्वा सुतकाची कापडे रंगवायची. आमच्याकडे माणूस गेले की जुने कापड काळे करून नेसतात आणि त्या कापडाला परका हात लावत नाही. तिच्या अंगणात काळ्या रंगासाठी झाडाची साल उकळत होती. अराबाने मला त्या कढत पाण्यात दाबले. एकेक नकाशा बुडत गेला. आता आपण संपलो, असेच मला वाटले.

शिपाई आले तेव्हा तिने मला ओलेच अंगाभोवती गुंडाळले होते. काळे पाणी तिच्या पायांवर ठिबकत होते.

"कोण गेलं?" एकाने विचारले.

"माझा भाऊ."

शिपायाने मान खाली घातली आणि ते निघून गेले. अराबा म्हणाली, "जिवंत माणसाचं सुतक धरलं मी, ओबेन्वा. पितरांनी ऐकलं असेल."

"त्यांना दारू वाहा आणि सांग, खोटं बोलले म्हणून."

ती रोज सांगत राहिली. तरी प्रत्येक चाहुलीला तिच्या काळजाचे पाणी व्हायचे.

एको सुटून आला, वाळून काडी झालेला. अराबाच्या अंगावरचे काळे कापड पाहून त्याने दारातच विचारले, "कोण गेलं गं?" त्याने माझा काठ चाचपला आणि स्वतःचा शेला ओळखला.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

तुरुंगातला खोकला त्याला काही दिवसांतच घेऊन गेला. सगळ्यांनी तुरुंगाला दोष दिला, अराबाने मात्र मनात स्वतःलाच दिला. मला नेसून तिने त्याला निरोप दिला आणि मग मला कपड्यांच्या पेटीत ठेवून दिले. तिथे मी वर्षानुवर्षे उंदरांना भीत पडून राहिलो.

परवा तिची नात मन्सा हिने मला बाहेर काढले. आता पुन्हा देशोदेशीची तरुण मुले आफ्रिका एक करायला निघाली आहेत, त्यांची सभा आमच्या गावात आहे. माझ्या विटलेल्या काठाशी तिला नकाशाची रेघ दिसली होती, म्हणून मन्साच्या हातात रंग उडवायचे औषध होते.

"आजी, हा काळा घालवते. खालचा नकाशा सभेत लावायचाय."

मला भट्टीची धग आठवली. त्या औषधाने रंगाबरोबर नकाशाही गेला असता.

"आधी उन्हात धर," अराबा म्हणाली.

मन्साने मला उन्हात धरले. काळ्यातून सारा नकाशा उमटला.

"आजी, तू काळा का केलास?"

"सांगते. ती बाटली आधी बाहेर ठेव."

मित्रांनो, मला सभेत जरूर लावा, पण उन्हाकडे पाठ करून लावा. मला धुऊ नका. एको त्या नकाशात आहे, तितकाच या काळ्या रंगातही आहे. आणि सभा चालू असताना बाहेर बूट वाजले, तर कृपा करून मला आधी आत घ्या.