उरलेलं पाणी

जव्हारच्या मशिदीत बांग देणारे, निकाह लावणारे आणि मयताला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, घालणारे एकच गृहस्थ होते, कासम मुल्ला. आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचं कामही त्यांचंच. ते जायचे, थोडा वेळ बसायचे, कारण आजाऱ्याकडे फार वेळ बसू नये असं त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. कसं वाटतं ते विचारायचे, धीर द्यायचे आणि उठताना म्हणायचे, "माझ्यासाठी दुआ करा. आजाऱ्याची दुआ फरिश्त्यांच्या दुआसारखी असते." मग पाण्यावर कुराणातले शब्द पुटपुटून फुंकर घालायचे. याला दम करणं म्हणतात. आजारी माणूस ते पाणी प्यायचा, आणि उरलेलं घरातली माणसं बरकत म्हणून घोटघोट घ्यायची. दुखणं जीवघेणं असेल तर मुल्लाजी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना म्हणायचे, "याचं चुकलं-माकलं माफ करा." सगळे माना डोलवून म्हणायचे, "माफ, माफ." पान तोंडात असलं तरी म्हणायचे. जव्हारात ती रीतच पडून गेली होती.

वैशाखात एका सकाळी सूर्यमाळचा गाडीवान भिका मशिदीच्या दारात बैलगाडी लावून उभा राहिला. आत आला नाही. बाहेरूनच म्हणाला, "मुल्लाजी, तुमचा एक मानूस आमच्या पाड्यावर सडतोय."

"कोण?"

"लालखान मुकादम. सागाचा सोट पायावरून गेला. पाय काळा पडलाय, वास मारतोय. ठेकेदारानं लाकूडतोडीचा कूप आवरला, गाड्या भरून खाली नेल्या, आन याला टाकला झोपडीत. गाडीत घातला तर वाटेतच जाईल. तू चल आन तुमचं काय असेल ते म्हन. नाय तर मेल्यावर तो आम्हालाच छळंल."

डोंगरात सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, मुल्लालाही आणि राजालाही. त्यात अपमान नसतो. पण भिकाच्या आवाजात जे होतं ते मात्र अपमानासारखंच होतं. मुल्लाजींनी कुराण फडक्यात बांधलं आणि गाडीत चढले. लालखानाला ते ओळखत होते. ईदेला तो पुढच्या रांगेत उभा राहायचा आणि नमाज संपताच मुल्लाचे कपडे किती जुने झालेत ते मोठ्यानं सांगायचा.

रात्रीचा मुक्काम मोखाड्याला झाला. दुसऱ्या दिवशी खोडाळ्याच्या बाजारात बैल सोडले तेव्हा एका ओळखीच्या गाडीवानानं भिकापुढे पाण्याचा तांब्या धरला. स्वतः त्यातूनच प्यायला होता. भिकानं तोंड फिरवलं. जीभ टाळ्याला चिकटलेली, तरी घेतलं नाही.

"तहान नाही का?" मुल्लाजींनी विचारलं.

"हाय ना. पन त्याच्याशी माझं भांडन हाय," भिका म्हणाला, आणि विषय संपला. मुल्लाजींना वाटलं, हट्टी दिसतोय.

पुढच्या चढावर भिकानं आपणहून तोंड उघडलं. सूर्यमाळला वैशाखात एकच झरा जिवंत राहतो. खडकातून पाणी झिरपतं, बाया वाटीवाटीनं भरतात, आणि एक मडकं भरायला अख्खी सकाळ जाते. गेल्या उन्हाळ्यात लालखानानं तो झरा कुपाच्या बैलांसाठी अडवला. राही नावाच्या बाईची म्हातारी आई तापानं पडली होती. राही उजाडायच्या आधीच लपून गेली आणि मडकं भरून निघाली. लालखानानं तिला वाटेत गाठली, डोक्यावरचं मडकं उतरवलं आणि सगळं पाणी बैलांच्या कुंडात ओतलं.

"आन म्हातारी?"

"म्हातारी पानी पानी करत गेली," भिका म्हणाला. त्यानं बैलाच्या पाठीवर उगाचच काठी मारली.

पाड्यावर कुणी राम राम केला नाही. हिरड्याच्या झाडाखाली बसलेली माणसं बसूनच राहिली. मुल्लाजी जवळच्या झोपडीपाशी गेले. दारात एक उंच, हाडकुळी बाई नाचणी पाखडत होती. तीच राही, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बाई, आजाऱ्यासाठी थोडं पाणी मिळेल?"

"कोनासाठी?"

"लालखानासाठी."

"बैलांचं कुंड हाय तिकडं. त्याला आवडतं ते." तिनं सूप झटकलं. कोंडा उडून मुल्लाजींच्या दाढीत बसला. मागून कुणीतरी हसलं.

लालखान कुडाच्या झोपडीत खाटेवर पडला होता. देहानं अर्धा झालेला, पण डोळे तेच.

"आलास? कुणी मेलं की तू येतोस. मी मेलो नाही अजून. यासीन काढू नकोस."

"यासीन मागाहून," मुल्लाजी म्हणाले. मरणाऱ्याच्या उशाशी वाचायचा कुराणातला तो अध्याय. "कसं वाटतं?"

"पाय सडतोय माझा, आणि हा विचारतो कसं वाटतं."

"माझ्यासाठी दुआ करा," मुल्लाजी सवयीनं म्हणाले.

लालखान हसला, मग खोकला. "माझी दुआ मागतोस? फारच वाईट दिवस आलेत तुझे."

नमाजाआधी हात-तोंड धुवायला पाणी नव्हतं, म्हणून मुल्लाजींनी त्याचे दोन्ही तळवे स्वच्छ मातीवर टेकवले, चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवले. पाणी नसेल तर माती चालते. उठवत नसेल तर पडूनही नमाज होते, मान हलवता येत नसेल तर पापण्यांनी. लालखानानं पापण्यांनी नमाज पढली. मध्येच थांबून म्हणाला, "तहान लागलीय."

नमाज संपते न संपते तोच उंबऱ्यावर मडकं आपटल्याचा आवाज झाला. राही उभी होती.

"मानूस म्हनून नाय देत," ती म्हणाली. "तहानेला मेला तर झऱ्यावर भूत होऊन बसंल. मग आमी पानी कुठून आनायचं?" आणि पाठ फिरवून गेली.

मुल्लाजींनी पाण्यावर दम केला आणि लालखानाला वाटी वाटी पाजलं. तो डोळे मिटून प्यायला. मग एकदम म्हणाला, "हे कुणी दिलं? राहीनं?"

"ती राही?"

"तीच. उरलंय ते तिला दे. म्हणावं, एक घोट घे. बरकत असते."

मुल्लाजींचं मन भरून आलं. मरणाच्या दारात या दगडाला पाझर फुटला म्हणायचा. मडकं दोन्ही हातांनी धरून ते हिरड्याखाली गेले आणि राहीपुढे उभे राहिले.

"बाई, लालखानानं पाठवलंय. आमच्यात हे पाणी सगळे घेतात. तूही घोटभर घे."

राहीनं मडकं हातात घेतलं, पण तोंडाशी नेलं नाही. झाडाखालची कुजबूज थांबली. भिका उठून उभा राहिला.

"राही, पिऊ नको."

"मला कळतं," ती म्हणाली. मग मुल्लाजींकडे वळली. "तुला शिकवून पाठवला काय रं त्यानं?"

"काय शिकवलं? मला काही कळत नाही."

भिका दात आवळून बोलला, "आमच्यात भांडन मिटवायचं तर दोघं एका भांड्यातलं पितात. पाड्यासमोर पितात. एकदा प्यालं की भांडन संपलं, पुन्हा त्याचं नाव काढायचं नाय. मेल्यावरबी नाय. तो इतकी वर्सं हिथं ऱ्हायला, त्याला हे पक्कं ठावं. मरताना बी मुकादमी करतोय. आन तू त्याचा गडी."

मुल्लाजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खोडाळ्याचा तो तांब्या त्यांना आठवला. ते तसेच झोपडीत परतले.

"लालखान, मला माहीत असतं तर मी ते मडकं उचललं नसतं."

"प्यायली का?"

"नाही."

"हट्टी जात."

"ऐका आता," मुल्लाजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका कोरडा कधीच झाला नव्हता. "नमाज चुकली, रोजा चुकला, ते अल्लाचं देणं. तो माफ करील. पण माणसाचा हक्क मारला तर माफी त्या माणसाच्या हातात असते. ती अल्ला परस्पर देत नाही आणि मीही देऊ शकत नाही. आणि ती चोरून तर मुळीच मिळत नाही."

"तुझं काम पाणी फुंकायचं. फुंक आणि गप्प बस."

"मी तुमच्या कुपावर नाही. हवं तर उठून जातो."

ते खरंच उठले. लालखान छपराकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी त्याच्या नावानं थुंकलं, ते आत ऐकू आलं.

"खाट दाराशी ने," तो शेवटी म्हणाला.

मुल्लाजींनी भिकाला हाक मारली. भिका जागचा हलला नाही. "मेल्यावर उचलीन. जित्यापनी नाय." तेव्हा म्हाताऱ्या मुल्लाजींनी एकट्यानंच खाट ओढत ओढत उंबऱ्यापर्यंत आणली. लालखान दर हिसक्याला कण्हत होता.

"ए राही," त्यानं हाक मारली. कूप चालू असताना जशी मारायचा तशीच. कुणी मान वर केली नाही.

मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "राही. तुझं पाणी मी ओतलं."

"ठावं हाय," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

"तुझी आई घरात पडलीय, तेही मला माहीत होतं."

राही उठली. चालत खाटेजवळ आली, मडकं अजून तिच्या हातातच होतं. "माहीत व्हतं?"

"होतं. गड्यांनी आधीच सांगितलं होतं. एकीला सोडलं तर उद्या सगळ्या येतील, म्हणून ओतलं."

"मला वाटायचं, तुला ठावं नसंल," राही म्हणाली. "वर्सभर मी मनाला तेच सांगत व्हते. की मेल्याला ठावं नसंल. तेवढंच व्हतं माझ्याकडं."

"मला माफ कर."

ती त्याच्याकडे बघत राहिली. माश्या त्याच्या पायावर बसत होत्या आणि तो त्यांना हाकलत नव्हता. मग ती वळली आणि मडकं घेऊन आपल्या झोपडीत गेली.

मुल्लाजींनी खाटेचं तोंड फिरवलं, लालखानाचा चेहरा पश्चिमेला, काब्याकडे येईल असं. डोंगराची कड त्या बाजूलाच होती.

"काय म्हणाली?" लालखानानं विचारलं. त्याची नजर आता धूसर झाली होती. "माफ केलं?"

जव्हारात असते तर मुल्लाजींनी 'हो' म्हटलं असतं. उशाशी बसणाऱ्यानं मरणाऱ्याचं मन हलकं करावं, हेही त्यांना शिकवलेलं होतं. 'हो' जिभेच्या टोकापर्यंत आलं. पण तो शब्द त्यांचा नव्हताच, राहीचा होता. तो तिच्याकडून चोरला असता तर आज दुसऱ्यांदा तिचं मडकं उतरवल्यासारखं झालं असतं.

"नाही," ते म्हणाले. "माफ केलं नाही. पण मडकं घेऊन घरात गेली. पाणी ओतलं नाही."

"प्यायली नाही."

"नाही."

लालखानानं डोळे मिटले. "वाच आता यासीन," तो म्हणाला.

मुल्लाजींनी यासीन वाचली. मध्ये मध्ये त्याच्या कानाशी हळूच कलमा म्हटला. त्याला 'म्हणा' असं सांगितलं नाही. त्रासलेला माणूस नाही म्हणून बसतो, म्हणून नुसतं ऐकू द्यायचं असतं. लालखानाचे ओठ हलले. सावल्या लांब होण्याच्या सुमाराला तो गेला.

गुसलाला पाणी मागायला मुल्लाजी कुणाच्या दारी गेले नाहीत. मातीवर हात टेकवून त्यांनी मयताच्या चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवले. मातीनं ते भागतं. सकाळी भिका बोलल्याप्रमाणे आला, पायाकडची बाजू त्यानं उचलली आणि गाडीत ठेवली. तोंड मात्र पूर्ण वेळ दुसरीकडे होतं.

गाडी राहीच्या दारावरून निघाली. दाराशी मातीच्या ओट्यावर तेच मडकं होतं, वर पळसाचं पान झाकलेलं. दुसरं रिकामं मडकं डोक्यावर घेऊन राही झऱ्याकडे निघाली होती. सूर्यमाळला वैशाखात भरलेलं पाणी कुणी रात्रभर न वापरता ठेवत नाही. मुल्लाजींची नजर त्या पानावर खिळली.

"काय बघतो?" राही म्हणाली.

"काही नाही, बाई."

"पिईन का ओतीन, ते माझं मी बघीन. तू तुझा मुडदा ने."

भिकानं बैल हाकले. उतार लागेपर्यंत मुल्लाजी मागे वळून बघत होते. पान हललं नव्हतं.