शंकासुराच्या दुकानातली खुर्ची

मित्रांनो, मी केस कापायच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे. माझं बूड लोखंडी, अंग सागवानी आणि डोकं टेकायची उशी काळ्या रेक्झिनची. दुकानात आले त्या दिवशी मालकाने मला उलटी करून खालून तपासली. लाकूड सागवानीच आहे ना, म्हणून नखाने ओरखडून पाहिलं.

मालक हाताचा हळुवार, पण मनाचा भारी संशयी. दूधवाल्यावर संशय, घड्याळजीवर संशय. पडद्यापलीकडच्या खोलीत त्याची बायको बायकांचे केस कापायची. ती त्याला शंकासुर म्हणायची. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, तसं माझं झालं. मीही प्रत्येक गिऱ्हाइकाकडे संशयाने बघायला शिकले.

माझी तारीफ खूप व्हायची. माझ्यावर बसलं की माणसांची जीभ सैल सुटे. एकदा अवयवदानाचा विषय निघाला.

"नाव नोंदवलंत की संपलं," दाढीला आलेला एक विमा एजंट म्हणाला. "आजारी पडलात तर डॉक्टर वाचवायला धडपडतच नाहीत."

"तेच म्हणतो मी!" मालकाला आयतं कोलीतच मिळालं.

पडदा सारून त्याची बायको बाहेर आली. "मी माझं नाव नोंदवलंय."

मालकाची कात्री हवेतच राहिली. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही वर्षभर चौकशी केली असती. आणि ऐका, नुसतं नाव नोंदवून भागत नाही. वेळ आली की घरच्यांना विचारतात. तेव्हा मोडता घालू नका."

"तो मी आत्ताच घालतो," मालक म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मोठ्या रुग्णालयातले एक सर्जन दाढीला आले. मालकाने त्यांच्या गळ्याला साबण लावला, वस्तरा टेकवला आणि विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. नाव नोंदवलेल्या माणसाला तुम्ही जरा लवकर जाऊ देता का?"

"आधी वस्तरा बाजूला घ्या," डॉक्टर ओठ न हलवता म्हणाले. मग सावरून बसले. "उपचार करणारे वेगळे, अवयव काढणारे वेगळे. मेंदू मेलाय हे ठरवताना अवयव काढणाऱ्यांपैकी कोणी नसतं. मध्ये वेळ सोडून तपासणी पुन्हा करतात."

"पण चहा एकाच कॅन्टीनमध्ये पिता ना?"

डॉक्टर नुसतेच हसले. ते हसू मालकाने मनात गाठ मारून ठेवलं.

काही वर्षं गेली. एके दुपारी त्याची बायको माझ्यावर येऊन टेकली. "अहो, डोकं फार ठणकतंय," म्हणाली, आणि तिचा हात माझ्या हातावरून घसरला. मला तिला धरता आलं नाही.

मग दुकान बरेच दिवस बंद होतं. रुग्णालयात काय घडलं ते मालकाने नंतर माझ्यावर बसून आपल्या बहिणीला सांगितलं, तेव्हा मला कळलं.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. मेंदू संपला, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तो भडकला. "छाती हलतेय की तिची!"

"ती यंत्राने हलतेय," डॉक्टर म्हणाले.

"मग पुढची तपासणी माझ्यासमोर करा."

त्यांनी त्याला आत उभं राहू दिलं. ती आपणहून श्वास घेते का ते बघायला यंत्र बाजूला केलं. "मी तिच्या छातीवरची नजर हलवली नाही गं," तो बहिणीला म्हणाला. "मनात म्हणत होतो, एक श्वास घे. ह्या सगळ्यांना खोटं पाड. नाही घेतला."

मग रुग्णालयात अवयवदानाचं काम बघणाऱ्या एक बाई येऊन हलक्या आवाजात बोलल्या. त्याची मुलगी सोबत होती, ती म्हणाली, "बाबा, आईची इच्छा तुम्हाला माहीत आहे." त्याने बाईंना शंभर शंका विचारल्या. शरीराचे हाल होतील का? अवयव विकतील का? बाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली, आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. तुमच्यावर कोणी रागावणार नाही."

"तिथे मी अडलो," तो म्हणाला. "लुबाडायला आलेला माणूस असं सांगतो का?"

तो हो म्हणाला. यकृत, दोन्ही मूत्रपिंडं आणि डोळे दिले. देह परत मिळाल्यावर त्याने चादर बाजूला करून पाहिलंच. "टाके नीट घातले होते. फक्त केस विस्कटले होते. ते मी विंचरले."

आता दुकानात वरखाली होणारी नवी खुर्ची आली आहे. मला दारापाशी सरकवलंय. उशी फाटली, कोणी शिवत नाही. मालकाचा संशय मात्र गेलेला नाही. तिचे अवयव कोणाला मिळाले, ते सांगत नाहीत. त्यामुळे अनोळखी गिऱ्हाईक आलं की तो आरशातून त्याचे डोळे न्याहाळतो. एखाद्याला हळूच विचारतो, "मध्यंतरी तुमचं काही ऑपरेशन झालं होतं का?" गिऱ्हाईक नाही म्हणालं, तरी त्याचे केस जरा जास्तच जपून कापतो.

मित्रांनो, शंका जरूर घ्या. डॉक्टरांना विचारा, दहा वेळा विचारा. पण आपल्या माणसाच्या मनात काय आहे, हे ते माणूस समोर बसलेलं असतानाच विचारून घ्या. मालकाची बायको माझ्यावर किती दुपारी निवांत बसायची! त्याने तो विषय पुन्हा काढलाच नाही.